पेन स्टेटमधले बारा तास

रात्री अकराच्या सुमारास तो तळघराच्या जिन्यावरून खाली कोसळला. ॲम्ब्युलन्ससाठी फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजून ४८ मिनिटांनी. मधले जवळजवळ बारा तास तो मित्रांच्या, म्हणजे त्याला त्याच संध्याकाळी ‘आपला भाऊ’ म्हणून घेणाऱ्या मुलांच्या घरात होता. घरात कॅमेरे होते, म्हणून त्या रात्रीचा बराचसा भाग आज आपल्याला ठाऊक आहे.

टिमोथी पियाझा, वय १९. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पुढे कृत्रिम अवयव तयार करण्याच्या क्षेत्रात काम करायची त्याची इच्छा होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीत, म्हणजे एकत्र राहणाऱ्या मुलांच्या विद्यार्थी संघटनेत, दाखल होत होता. ४ फेब्रुवारीला तो गेला.

इकडे अमेरिकेत शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींबरोबर मी गेली काही वर्षं हेझिंगचं, म्हणजे ग्रुपमध्ये घेण्याआधी नव्यांकडून धोक्याचं किंवा अपमानाचं काही करून घेण्याचं, हे प्रकरण वाचते. पहिल्या वर्षाचा हंगाम सुरू झाला की काही घरांतून फोन येतात : ‘मुलगा एका ग्रुपमध्ये जातोय, चांगली मुलं आहेत म्हणतो, काय विचारू त्याला?’ त्यांच्यासाठी आणि त्या मुलांसाठी हे लिहिते आहे.

हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच का?

सख्खं भावंड आहे, पण तेच नव्हे. भारतात रॅगिंग होतं ते बहुतेक वेळा नव्याने आलेल्या कुणावरही. त्याने काही मागितलेलं नसतं. त्यामुळे ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे त्याला निदान मनातल्या मनात तरी स्पष्ट असतं. हेझिंगमध्ये मुलगा स्वतःहून दाराशी आलेला असतो. त्याला आत जायचं असतं. टीम, बँड, डान्स ग्रुप, फ्रॅटर्निटी, सोरोरिटी (मुलींची तशीच संघटना), काहीही असो, आतल्यांनी दार किलकिलं केलेलं असतं आणि उंबरठ्यावर एक अट ठेवलेली असते. म्हणून तक्रार करणं दुप्पट अवघड होतं. तक्रार म्हणजे स्वतःच्या इच्छेविरुद्धच साक्ष दिल्यासारखं वाटतं.

२००८ मध्ये मेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ महाविद्यालयांतल्या ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. क्लब, टीम किंवा संघटनांत असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांनी हेझिंगमध्ये मोडणारे प्रकार अनुभवले होते. त्यातल्या दहापैकी नऊ जणांना मात्र ‘आपलं हेझिंग झालं’ असं वाटतच नव्हतं. ज्यांना ते कळलं होतं, त्यांच्यातल्याही ९५ टक्क्यांनी ते अधिकाऱ्यांपर्यंत नेलं नाही.

आणि हे फक्त दारूच्या पार्ट्या करणाऱ्या श्रीमंत पोरांचं प्रकरण आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. २०११ मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या नावाजलेल्या बँडमधला ड्रम मेजर, म्हणजे बँडचं नेतृत्व करणारा, रॉबर्ट चॅम्पियन बसमध्ये आपल्याच सहकाऱ्यांच्या मारहाणीने मेला. तिथे परंपरा होती ती बसच्या मागच्या टोकापर्यंत मार खात चालत जाण्याची.

त्या रात्री

२ फेब्रुवारी, गुरुवार. १४ नव्या मुलांना सदस्यत्वाचं आमंत्रण मिळालं होतं आणि ते स्वीकारण्याचा तो कार्यक्रम होता. त्यात एक ‘गाँटलेट’ होतं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं आणि प्रत्येक थांब्यावर प्यायचं : व्होडका, बिअर, वाइन. थांबायची सोय नाही, कारण मागे पुढचा मुलगा उभा असतो. तळघरातलं चित्रण नंतर कुणीतरी पुसून टाकलं होतं. तपास यंत्रणांनी ते परत मिळवल्यावर सरकारी पक्षाने हिशेब मांडला : टिमोथीला ८२ मिनिटांत किमान १८ वेळा दारू देण्यात आली. त्याच्या रक्तातलं अल्कोहोल ०.२८ ते ०.३६ टक्क्यांपर्यंत चढलं असावं, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. अमेरिकेत बहुतेक राज्यांत गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ०.०८ आहे. आणि तो १९ वर्षांचा होता, म्हणजे कायद्याने दारू पिण्याच्या वयापासून दोन वर्षं दूर.

अकराच्या सुमारास तो जिन्यावरून पडला. तळाशी पालथा पडलेला सापडला. चौघांनी उचलून त्याला वर सोफ्यावर आणून टाकलं. डाव्या कुशीवर वळ दिसत होता. कुणी तोंडावर पाणी टाकलं, कुणी चापट मारून पाहिली.

मग त्यांनी त्याच्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक अडकवली.

या सॅकपाशी मी मुलांना नेहमी थांबवते. ती कशासाठी होती? तो उताणा होऊ नये म्हणून. उताणा झाला आणि ओकारी आली तर ती श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो, हे त्या पोरांना माहीत होतं. ही युक्ती त्या कँपसवर नवी नव्हती. तिला नावसुद्धा होतं. म्हणजे हा मुलगा झोपेत मरू शकतो याची जाणीव त्या खोलीत होती. जाणिवेचं रूपांतर फोनमध्ये झालं नाही, सॅकमध्ये झालं.

पहाटे तो उठायचा प्रयत्न करत राहिला. उठायचा, पडायचा. डोकं जमिनीवर आपटलं, एकदा लोखंडी कठड्यावर आपटलं. जवळून लोक गेले. सातच्या सुमारास तो लडखडत पुन्हा तळघराच्या दिशेने गेला. दहाच्या आसपास तो तिथे सापडला, थंडगार आणि बेशुद्ध. त्यानंतरसुद्धा फोन व्हायला चाळीसेक मिनिटं गेली. त्या वेळात त्याचं तोंड पुसलं गेलं, कपडे घालायचा खटाटोप झाला आणि दारू प्यायलेल्याचे हातपाय गार पडले तर काय, हे इंटरनेटवर शोधलं गेलं.

प्लीहा फाटली होती. पोटात प्रचंड रक्तस्राव झाला होता. कवटीला तडा गेला होता, मेंदूला इजा होती.

एक मुलगा बोलला होता

प्रकरणाची चर्चा होते तेव्हा लोक १८ पेल्यांपाशी अडकतात. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा मध्यरात्रीच्या आधीच्या काही मिनिटांत आहे.

एक तुलनेने नवा सदस्य सोफ्याजवळ आला. टिमोथीची अवस्था पाहून त्याने सांगितलं, याला डोक्याला मार लागलाय, ९११ ला (तातडीच्या मदतीच्या नंबरला) फोन करा. ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचे का हे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) आलेल्या साक्षीनुसार एकाने त्याला भिंतीकडे ढकललं, ‘आम्ही बघतोय’ म्हणून बाजूला केलं. त्याने दुसऱ्या एका पदाधिकाऱ्याला गाठलं. तिथे त्याला ऐकवण्यात आलं, की तू उगाच बाऊ करतोयस. इथे जीवशास्त्र आणि शरीरशास्त्राशी संबंधित विषय शिकणारे आहेत, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्या घरात संरक्षणाच्या किती गोष्टी होत्या ते पाहा. दारूबंदीचा नियम होता, कारण काही वर्षांपूर्वी त्याच घरावर दारूवरून कारवाई झाली होती. एक वयाने मोठा सल्लागार त्याच इमारतीत राहत होता. कॅमेरे होते. आणि दारूसाठी अल्पवयीन, म्हणजे २१ वर्षांच्या आतल्या, मुलाने मदतीसाठी फोन केला तर पिण्याबद्दल त्याच्यावर खटला होणार नाही, अशी तरतूद पेनसिल्व्हेनियात २०११ पासूनच होती. कागदावर पाहिलं तर कोणताही पालक निर्धास्त व्हावा असं ते घर होतं. नव्हतं ते इतकंच : खालच्या पायरीवरच्या मुलाच्या शब्दाला वजन.

हे काही अपघाताने नव्हतं. ज्या व्यवस्थेत आत येण्याची पहिली परीक्षा म्हणजे ‘सांगतील ते निमूट करणं’, तिथे काही आठवडे किंवा महिन्यांपूर्वीच आत आलेला मुलगा वरच्याला ‘थांब’ म्हणतो तेव्हा त्याचं ऐकायचं शिक्षणच कुणाला मिळालेलं नसतं. दारू हे त्या रात्रीचं हत्यार झालं. दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये ते जागरण असेल, मार असेल, थंड पाणी असेल. पण बोलणाऱ्याला गप्प करण्याची पद्धत सगळीकडे हीच.

ती माफीची तरतूद असूनही फोन का झाला नाही? मला जे दिसतं ते सांगते. ती सवलत पिणाऱ्या अल्पवयीन मुलासाठी होती. पाजणाऱ्यासाठी नव्हती, हेझिंगच्या आरोपातून सोडवणारी नव्हती, आणि घराचा परवाना रद्द होण्यापासून तर नव्हतीच. ज्यांच्या हातात त्या रात्री निर्णय होता, त्यांच्या अंगाशी येणारं सगळं त्या सवलतीच्या बाहेर होतं. म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. टिमोथीला हॉस्पिटलात नेल्यावर फिरलेले मेसेज त्याच धाग्यातले : तळघर नव्या मुलांकडून साफ करून घ्या, दारूच्या खुणा राहू देऊ नका.

दारू काय लपवते

इथे जरा वैद्यकीय मुद्दा, कारण तो माहीत नसल्याने पोरं मरतात. जड जीभ, झोकांड्या, ओकारी, गुंगी ही दारूची लक्षणं आहेत. डोक्याला मार लागल्याचीही हीच लक्षणं आहेत. पडलेल्या, प्यायलेल्या माणसात ती वेगळी ओळखणं डॉक्टरलाही तपासणीशिवाय जमत नाही, मग दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं काय घेऊन बसलात. शिवाय नशेत वेदना बोथट होतात, म्हणून फाटलेली प्लीहा ओरडून सांगत नाही. आणि शेवटचा घोट घेतल्यावरही रक्तातलं अल्कोहोल काही काळ चढतच राहतं. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ हे वाक्य त्यामुळे फार घातक आहे.

हलवून जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास होत असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, त्वचा गार, फिकट किंवा निळसर झाली असेल, तर यातलं एक लक्षणसुद्धा ॲम्ब्युलन्ससाठी पुरेसं आहे. प्यायलेला माणूस जिन्यावरून पडला असेल तर लक्षणांचीही वाट पाहायची नाही. प्लीहा फाटलेली माणसं वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर वाचतात. ‘वेळेवर’ या शब्दातच सगळं आलं.

पुढे काय झालं

मे २०१७ मध्ये १८ सदस्यांवर आणि फ्रॅटर्निटीच्या खुद्द त्या शाखेवर आरोप ठेवले गेले. विद्यापीठाने ती शाखा कायमची बंद केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रँड ज्युरीच्या आणखी एका अहवालाने विद्यापीठालाही फैलावर घेतलं : फ्रॅटर्निटींमधल्या दारूची आणि हेझिंगची कल्पना असूनही अनास्था दाखवली, असा ठपका ठेवला. खटला रेंगाळला. सदोष मनुष्यवधासारखे गंभीर आरोप न्यायालयात टिकले नाहीत. शाखेच्या दोन माजी पदाधिकाऱ्यांनी जुलै २०२४ मध्ये हेझिंगचे प्रत्येकी १४ आणि जीव धोक्यात घातल्याचा एक गुन्हा कबूल केला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना दोन ते चार महिन्यांची कैद झाली. साडेसात वर्षांनी.

टिमोथीच्या आईवडिलांनी, जिम आणि एव्हलिन पियाझा यांनी, मधल्या काळात कायदा बदलून घेतला. पेनसिल्व्हेनियाचा टिमोथीच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाला. त्याच्या मृत्यूच्या वेळी हेझिंग हा तिथे किरकोळ गुन्ह्यांत मोडायचा. आता गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ‘तो स्वतःच तयार होता’ हा बचाव चालत नाही. आणि जो मदतीसाठी फोन करेल, स्वतःचं नाव सांगेल आणि मदत येईपर्यंत जखमीजवळ थांबेल, त्याला हेझिंगच्या खटल्यापासूनही संरक्षण मिळतं. २०११ च्या तरतुदीत जे भोक होतं, नेमकं तेच इथे बुजवलं आहे.

देशपातळीवरचा कायदा २३ डिसेंबर २०२४ रोजी झाला. महाविद्यालयांना आता हेझिंगच्या घटनांची आकडेवारी वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी लागते. शिवाय ज्या विद्यार्थी संघटनांवर दोष सिद्ध झाला त्यांची नावं, काय झालं, कधी झालं आणि काय कारवाई झाली हे सगळं संकेतस्थळावर जाहीर ठेवावं लागतं. संघटना म्हणजे फक्त फ्रॅटर्निटी नव्हे. खेळाची टीम, बँड, क्लब, विद्यार्थी परिषद सगळं त्यात येतं. संकेतस्थळावरच्या यादीत विद्यापीठाची मान्यता असलेल्याच संघटना येतात, आकडेवारीत मात्र मान्यता असो वा नसो, सगळ्या मोजल्या जातात. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बंदी घातलेले ग्रुप भाड्याच्या घरात हलतात आणि ‘आमचा विद्यापीठाशी संबंध नाही’ म्हणून मोकळे होतात.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला, यूजीसीचे नियम २००९ मध्ये आले. आपल्याकडे दर वर्षी विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जातं. नाव जाहीर करण्याची ही अमेरिकन पद्धत मात्र आपणही उचलण्यासारखी आहे. प्रतिज्ञापत्र भीती दाखवतं. जाहीर यादी पुढच्या वर्षाच्या मुलाला दार ठोठावण्याआधी माहिती देते.

फोन येतो तेव्हा मी काय सांगते

पालकांना सांगते, की ‘तिथे रॅगिंग होत नाही ना?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’च येतं, आणि मुलगा खोटंही बोलत नसतो, त्याला ते रॅगिंग वाटतच नसतं. त्यापेक्षा विचारा : नव्या सदस्यांनाच करावं लागतं असं काही आहे का? कशाबद्दल ‘बाहेर सांगायचं नाही’ असं बजावलंय का? फोन काढून घेतात का? मधूनच उठून निघून आलास तर काय होईल? शेवटच्या प्रश्नाला मुलगा किती वेळ थांबतो, तेही ऐका. आणि कॉलेजचा हेझिंग अहवाल त्याच्यासोबत बसून उघडून बघा, त्या ग्रुपचं नाव आहे का.

मुलांना सांगते की तक्रार दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत करायची नाही. कुणी आत्ता, समोर, धोक्यात असेल तर आधी ९११, बाकी सगळं नंतर. आपल्या मुलांच्या मनात व्हिसाची धास्ती असते. मदतीसाठी फोन करणं हा व्हिसाच्या अटींचा भंग नाही, हे मी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेते. वरच्यांची परवानगी मागायची नाही. त्या रात्री ‘९११ ला फोन करा’ म्हणणाऱ्या त्या मुलाने योग्य तेच केलं, पण फोनची परवानगी वरच्यांकडे मागितली. त्याच्या वयात, त्या घोळक्यात, मीही कदाचित तेच केलं असतं. म्हणून त्याला नावं ठेवू देत नाही मी कुणाला. स्वतःच्या फोनवरून, बाथरूममध्ये जाऊन, रस्त्यावर येऊन, कसाही फोन करा. काय प्यायला, किती, आणि पडला असेल तर पडला हे सांगा. डॉक्टर पोट आणि डोकं तपासतील की नाही, ते त्यावर ठरतं.

दुसरी तक्रार म्हणजे घडून गेलेल्या किंवा घडणार असलेल्या प्रकाराची. ती डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसात, कँपस पोलिसांकडे, किंवा बहुतेक कॉलेजांच्या ऑनलाइन फॉर्मवर, नाव न देताही करता येते. १-८८८-६६८-४२९३ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे, तिथेही नाव सांगावं लागत नाही. निनावी तक्रारीची अडचण अशी, की ‘अमुक ग्रुपमध्ये हेझिंग चालतं’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘येत्या शुक्रवारी रात्री, या पत्त्यावर, नव्या मुलांना अमुक आणायला सांगितलंय’ असं लिहिलं तर त्या रात्री कुणीतरी त्या दारावर जाऊ शकतं. ग्रुप चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ग्रुपबाहेरच्या विश्वासाच्या माणसाकडे पाठवून ठेवायचे. पेन स्टेटच्या प्रकरणात चित्रण पुसलं गेलं होतं, ते परत मिळालं म्हणून ‘८२ मिनिटं’ हा आकडा तरी आपल्या हातात आहे.

आणि ज्यांच्या हातात ग्रुप आहे, त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना वेगळं सांगते. कार्यक्रमाआधी दोन जण न पिणारे ठरवा, आणि त्यातला एक सर्वांत नव्या सदस्यांपैकी असू द्या. त्याने ‘फोन करतो’ म्हटलं की अध्यक्षानेही त्याला अडवायचं नाही, हे आधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. एका डान्स टीमच्या कॅप्टन मुलीने मला विचारलं, ‘पण मग त्यांना आमच्याबद्दल आदर कसा वाटेल?’ तिच्याशी त्या दिवशी बराच वेळ बोलत बसले. तिने पुढच्या सत्रात नव्यांसाठीची ‘टास्क’ रात्र रद्द केली आणि त्याऐवजी जुन्यांनी नव्यांना नाच शिकवण्याची संध्याकाळ ठेवली. काहींना ती मिळमिळीत वाटली, असं तिनेच सांगितलं.

वाचन संपलं की मी प्रत्येकाला एकच गोष्ट कागदावर लिहायला सांगते : तुम्ही तिथे असता तर किती वाजता फोन केला असता? पहिल्या फेरीत बहुतेक जण ‘सकाळी सात’ किंवा ‘पहाटे तो पुन्हा पडला तेव्हा’ लिहितात. चर्चेनंतर दुसऱ्या फेरीत वेळा अकराच्या आसपास सरकतात. गेल्या वेळी मागच्या रांगेतल्या एका मुलाने वेळ लिहिलीच नाही. त्याने लिहिलं होतं : ‘सॅक कुठे आहे, असं कुणीतरी विचारलं तेव्हा.’